प्रॉस्पेक्टसचं अनेकवचन नक्की काय? फोल्डर छापायचेत, जाणकारांनी सांगा

जुळारी_अशोकस्तंभ | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. अशोकस्तंभाजवळ माझं डीटीपी आणि ऑफसेटचं छोटं दुकान आहे. वडील रविवार कारंजाच्या बाजूला एका छापखान्यात खिळे (छपाईची सुटी शिशाची अक्षरं) जुळवायचे, त्यांच्यावरूनच हा आयडी घेतलाय. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल ही आमची नेहमीची कामं, आणि ह्या दिवसांत शाळा-क्लासवाल्यांची माहितीपुस्तकं.

तर झालं असं. एका संस्थेचं (नाव घेत नाही) काम आलं, तीन शाखांची तीन माहितीपुस्तकं एकाच फोल्डरात घालून द्यायची आणि फोल्डरवर इंग्रजीत मोठा मथळा. मी मथळ्यात प्रॉस्पेक्टसेस टाकलं. प्रूफ परत आलं तर शेवटच्या 'सेस'वर लाल पेनाची आडवी रेघ, वर बारीक अक्षरात 'प्रॉस्पेक्टाय', आणि समासात लिहिलेलं की सिलॅबस-सिलॅबाय तसं. मी फोन करून विचारलं, मॅडम हे नक्की ना, तर म्हणाल्या अहो लॅटिन शब्द आहे, 'अस'चं 'आय' होतं, करून टाका. केलं. पाचशे फोल्डर गेले पण. पुढच्या सोमवारी अजून हजार छापायचेत.

आता मला चैन पडत नाहीये. वडिलांचं म्हणणं असायचं की गिऱ्हाइकाच्या मजकुरातला काना जरी हलवायचा तरी विचारून हलवायचा, पण चूक दिसली आणि गप्प बसला तर ती चूक तुझी. मला ती चूक 'दिसली' पण सिद्ध करता आली नाही, कारण मला एवढंच माहीत होतं की कानाला बरं वाटत नाहीये. कोणी नीट समजावून सांगेल का? नुसतं बरोबर-चूक नको, का ते पण सांगा, उद्या जाऊन बोलायचंय मला.


मास्तर_पंचवटी | सोमवार, रात्री १०:४०

तुमचा कान बरोबर आहे. प्रॉस्पेक्टसेस. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, कुठल्याही चांगल्या डिक्शनरीत हेच मिळेल, प्रॉस्पेक्टाय मिळणार नाही.

पण लगेच सांगतो, म्हणून सगळ्यालाच 'एस' लावत सुटू नका. न्यूक्लियसचं न्यूक्लियाय, रेडियसचं रेडियाय, क्रायसिसचं क्रायसीज, क्रायटेरियनचं क्रायटेरिया, फिनॉमिननचं फिनॉमिना हे शिकलेल्या माणसाला आलंच पाहिजे. आजकाल पेपरात 'धिस क्रायटेरिया' वाचतो तेव्हा मला खरंच त्रास होतो. शब्द घेतलाय ना त्यांच्याकडून, मग त्याची रीतही सांभाळा.


कोड_आणि_कटिंग | सोमवार, रात्री ११:०५

सर आदर आहे, पण हे मला पटत नाही. शब्द इंग्रजीत आला की इंग्रजीचा झाला, लॅटिन येत नसेल तर इंग्रजी बोलायचंच नाही का? फोरम्स, स्टेडियम्स, कॅम्पसेस, बोनसेस सगळं 'एस'नं चालतं आणि कोणाचं काही अडत नाही. आमच्याकडे डेटाबेसवाले सरळ इंडेक्सेस म्हणतात, गणितवाले इंडिसेस म्हणतात, दोघांचं काम होतं.

आणि जरा जास्त शिकलेल्यांनी काय गोंधळ घातलाय ते मी रोज मीटिंगमध्ये ऐकतो. प्रोसेसचं अनेकवचन 'प्रोसेसीज' असं शेवटी लांब ई लावून. का तर क्रायसीज, अ‍ॅनॅलिसीज ऐकलेलं असतं. अरे पण ते शब्द ग्रीक आहेत, त्यांच्या एकवचनात 'इस' आहे, क्रायसिस, अ‍ॅनॅलिसिस. प्रोसेसमध्ये तो 'इस' कुठंय? आणि उलटं पण होतं, व्हर्टिसेस ऐकून ऐकून एका कोपऱ्याला 'व्हर्टिसी' म्हणणारे आहेत. एकवचन व्हर्टेक्स आहे हेच विसरले.


शरीरशास्त्र_वाचतेय | सोमवार, रात्री ११:३१

काका, हे मी सांगू शकते, कारण एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात ह्याच गोष्टीवर मी तोंडी परीक्षेत अडकले होते आणि नंतर रागानं बसून सगळं वाचून काढलं.

त्या मॅडमची चूक कुठं होते तर त्यांना वाटतं शेवटी यू-एस दिसला की सगळे एकाच घरातले. तसं नाहीये. लॅटिनमध्ये 'अस'नं संपणाऱ्या नामांची निदान तीन वेगळी घरं आहेत.

पहिलं घर ह्युमरस (दंडाचं हाड), न्यूक्लियस, फंगस. ह्यांचं अनेकवचन आय लागून होतं, ह्युमराय, न्यूक्लियाय, फंगाय.

दुसरं घर कॉर्पस, जीनस, व्हिस्कस. ह्यांचं कॉर्पोरा, जेनेरा, व्हिसेरा. पोटातल्या अवयवांना आम्ही रोज व्हिसेरा म्हणतो, त्याचं एकवचन व्हिस्कस आहे हे वर्गातल्या अर्ध्या जणांना ठाऊक नसतं.

तिसरं घर सायनस, प्लेक्सस, फीटस. इथं लॅटिनमध्ये अनेकवचन करताना अक्षरं तीच राहतात, फक्त शेवटचा उकार लांब होतो, बोलताना कळतं, लिहिताना नाही. इंग्रजीला असा लांब उकार दाखवता येत नाही म्हणून तिनं सरळ सायनसेस, प्लेक्ससेस केलं. आणि तुमचा प्रॉस्पेक्टस ह्याच तिसऱ्या घरातला. स्टेटस, अ‍ॅपरेटस, सेन्सस, कन्सेन्सस, हायेटस पण इथलेच. म्हणजे प्रॉस्पेक्टाय हे इंग्रजी तर नाहीच, लॅटिनसुद्धा नाही. तिथल्या माणसालाही ते चुकीचंच वाटलं असतं.

मराठीत बघा ना, आंबा-आंबे, घोडा-घोडे, रस्ता-रस्ते. म्हणून शाळाचं अनेकवचन 'शाळे' करायचं का? शेवटी आ दोन्हीकडे आहे. शाळा-शाळाच राहतं. प्रॉस्पेक्टसचं लॅटिनमध्ये अगदी तेच, शाळेसारखं.


जुळारी_अशोकस्तंभ | सोमवार, रात्री ११:४४

ताई, शाळा-शाळे! बस, हेच उद्या सांगणार. दुसरं काही सांगायची गरजच नाही. मनापासून आभार.


माई_इंदिरानगर | मंगळवार, सकाळी ६:२०

मी संस्कृत शिकवायचे. काल रात्रीचं सगळं आत्ता चहा घेताना वाचलं आणि राहवेना.

त्या मुलीनं जी तीन घरं सांगितली ना, ती आपल्या संस्कृतात जशीच्या तशी आहेत. देवः, भानुः, मनः. तिन्हीच्या शेवटी विसर्ग, नवीन मुलांना तिन्ही एकसारखेच वाटतात. पण अनेकवचन करायला सांगा. देवाः, भानवः, मनांसि. तीन वाटा. कारण पहिला अकारांत, दुसरा उकारांत, तिसरा सकारांत. लॅटिनची ती तीन घरं म्हणजे हेच अकारांत, उकारांत आणि सकारांत, आजी एकच आहे दोघींची. जीनस हा त्यांचा शब्द आणि जनस् हा आपला, सख्खी भावंडं. त्यांनी जीनसचं जेनेरा केलं तेव्हा मूळच्या स चा त्यांच्याकडे र झाला, आपल्याकडे जनांसि मध्ये स टिकला. मुलं शब्द पाठ करताना कंटाळायची तेव्हा मी हे सांगायचे, मग चार जणांचे तरी डोळे उघडायचे.

आणि बस हा शब्द माहितेय का कुठून आलाय? ऑम्निबस. लॅटिनमध्ये ऑम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी'. ही चतुर्थीची अनेकवचनी विभक्ती आहे. आपल्याकडे सर्वेभ्यः. त्यातला 'बुस' म्हणजे आपला 'भ्यः', रामाय रामाभ्यां रामेभ्यः मधला. इंग्रजांनी पुढचा 'ऑम्नि' टाकून दिला आणि नुसता प्रत्यय ठेवला. तेव्हा सीबीएस स्टँडवर जी उभी असते ना, तो नुसता विभक्तीचा प्रत्यय आहे, तोही मुळातच अनेकवचनी, आणि त्याला आपण परत बसेस म्हणतो. आता ऑम्निबसचं कोणी 'ऑम्निबाय' केलं तर? ते नामाचं रूपच नाही पहिल्या विभक्तीचं, त्याचं आय होणार कसं?


कोड_आणि_कटिंग | मंगळवार, सकाळी ८:५५

माई, भ्यः वाचून अंगावर काटा आला. द्वारकेच्या सिग्नलला थांबलोय, समोर सिटीलिंकची बस आहे, आता ती वेगळीच दिसतेय मला.


द्राक्षबाग_पिंपळगाव | मंगळवार, सकाळी ९:३०

पिंपळगाव बसवंतहून. आमच्या शेतकऱ्यांचा पण ह्यात एक प्रश्न आहे म्हणून लिहितो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षावर डावणी हा रोग येतो, पानाच्या वरून तेलकट पिवळा डाग दिसतो आणि सकाळी दव असताना पान उलटं केलं की त्याच डागाखाली पांढरी लव, बोटाला लागते. मग ग्रुपवर औषधवाल्यांचे, सल्लागारांचे मेसेज सुरू होतात. एकात 'फंगस वाढला', एकात 'फंगाय वाढला', एकात 'बॅक्टेरिया सापडला', आणि मागं एका बैठकीत एक साहेब पानाच्या 'स्टोमॅटाज' बद्दल बोलत होते. डावणी खरंच पर्णरंध्रातून, म्हणजे पानाच्या खालच्या बाजूच्या त्या बारीक तोंडांतून आत शिरते, त्यामुळे तो शब्द आम्हाला कळतो. पण स्टोमॅटा एक की अनेक? मुलगा बीएस्सी अ‍ॅग्री करतोय, तो म्हणाला स्टोमा एक, स्टोमॅटा अनेक, स्टोमॅटाज असं काही नाही.

मग मी त्याला विचारलं की बाबा, बॅक्टेरिया अनेक, स्टोमॅटा अनेक, क्रायटेरिया अनेक, आणि लार्व्हा मात्र एक? सगळ्यांच्या शेवटी आ आहे की. त्याला सांगता आलं नाही. इथं कोणी सांगेल का.


शरीरशास्त्र_वाचतेय | मंगळवार, दुपारी १:१५

दादा, प्रश्न एकदम बरोबर आहे, इथं आ फसवतो. बॅक्टेरिया आलं बॅक्टेरियमवरून, उम गेलं आ आला. क्रायटेरिया आलं क्रायटेरियनवरून, ऑन गेलं आ आला, हे ग्रीक. स्टोमा पण ग्रीक, पण तो एकवचनातच आ वाला आहे, म्हणून त्याला पुढं 'टा' जोडून स्टोमॅटा. आणि लार्व्हा लॅटिन स्त्रीलिंगी, एकवचनातच आ, अनेकवचन लार्व्ही. फॉर्म्युला-फॉर्म्युली, अ‍ॅलम्ना-अ‍ॅलम्नी तसं. म्हणजे आ बघून काहीच ठरवता येत नाही, एकवचन काय आहे ते आधी माहीत पाहिजे.

आणि अजून एक, डावणी करणारा जीव खरा फंगस नाहीच, तो ऊमायसीट नावाच्या वेगळ्या गटातला आहे. द्राक्षावरचा दुसरा रोग, भुरी, ती मात्र खरी बुरशी. त्यामुळे डावणीला फंगस म्हणा का फंगाय म्हणा, दोन्ही चूकच, हे वेगळंच 😀


द्राक्षबाग_पिंपळगाव | मंगळवार, दुपारी १:४०

हे मुलाला दाखवतो. लार्व्ही ऐकलं नव्हतं कधी, आम्ही आपले अळी-अळ्या.


येवला_ताणाबाणा | मंगळवार, दुपारी ३:०८

मला एक भर घालायची आहे, आमच्या घरात पैठणीचे माग आहेत त्यामुळे हा शब्द मला फार जवळचा वाटतो. स्टॅमिना. आपण म्हणतो ना पोराला स्टॅमिना नाही. हा शब्द स्टॅमेन ह्या लॅटिन शब्दाचं अनेकवचन आहे, आणि स्टॅमेन म्हणजे मागावरचा ताणा, उभा धागा. स्टॅमिना म्हणजे ताणे. जुनी समजूत अशी की माणसाच्या आयुष्याचा धागा देवता कातत असतात, जेवढा धागा तेवढं आयुष्य, त्यातून ताकद-दम हा अर्थ आला. फुलातल्या पुंकेसरांना पण इंग्रजीत स्टॅमेन म्हणतात कारण ते धाग्यासारखे असतात, पण तिथं अनेकवचन स्टॅमेन्स करतात, स्टॅमिना नाही.

ताणा कच्चा असेल तर बाणा कितीही भरजरी घाला, पैठणी उभी राहत नाही. वडील हे मागावर बसून सांगायचे. स्टॅमिनाचा अर्थ वाचला तेव्हा त्यांची आठवण आली.


मास्तर_पंचवटी | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

वा. स्टॅमेनबद्दल मला हे ठाऊक नव्हतं.

कोडवाले, तुमच्याशी माझा वाद शिल्लक आहे. स्टॅमिना एकवचनी वापरलं तर माझी हरकत नाही. अजेंडा मुळात अजेंडमचं अनेकवचन, 'करायच्या गोष्टी', पण आज अजेंडम कोणी म्हणत नाही, म्हणून अजेंडा एकवचनी झाला आणि अजेंडाज सुद्धा योग्य झालं. मान्य. पण क्रायटेरियन जिवंत आहे, फिनॉमिनन जिवंत आहे, बॅक्टेरियम जिवंत आहे. एकवचन जिवंत असताना अनेकवचनाला त्याच्या जागी बसवलं तर एक आणि अनेक ह्यातला फरकच पुसला जातो. 'एक निकष' आणि 'चार निकष' हा फरक महत्त्वाचा आहे, नोकरीच्या जाहिरातीत तर फारच. माझी रेघ तिथं आहे, एकवचन वापरात असेल तर जोडी मोडू नका.


कोड_आणि_कटिंग | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

ही रेघ मला आवडली सर. पण मग डेटाचं काय? डेटम शब्द आहे, सर्वेवाले वापरतात, पण आमच्यात 'डेटा आर' म्हणणारा एकही नाही. आमच्यासाठी डेटा म्हणजे पाण्यासारखा, तांदळासारखा, मोजायचा नाही, मापायचा. शास्त्रज्ञ त्यांच्या पेपरात 'डेटा आर' लिहितात ते पण मी चूक म्हणणार नाही.

आणि एक जोडी मोडलेली नाही तर वाटून घेतलेली आहे. किड्याच्या मिशा अँटेनी, गच्चीवरच्या अँटेनाज. अपेंडिक्स पुस्तकाच्या मागची असेल तर बहुतेक अपेंडिसेस, पोटातली असेल तर अपेंडिक्सेस जास्त चालतं. पेपर-टीव्ही ते मीडिया, पण भुताशी बोलणारे ते मीडियम्स. इथं दोन्ही अनेकवचनं कामाची आहेत. ह्याला मी मनापासून हो म्हणतो.


मास्तर_पंचवटी | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

डेटा तुम्हाला दिला. क्रायटेरिया देणार नाही.


जुळारी_अशोकस्तंभ | मंगळवार, रात्री ९:५०

दुकान बंद करून आत्ता बसलो. आज त्या संस्थेत गेलो होतो, मॅडम रजेवर होत्या, उद्या भेटतील. पण तिथल्या क्लार्कनं मला बरोबर पकडलं. म्हणाला प्रॉस्पेक्टाय चूक असेल तर मग आत पान चारवर सिलॅबाय आहे ते पण चूक का? मला उत्तर देता आलं नाही. सिलॅबस कुठल्या घरातला?


मास्तर_पंचवटी | मंगळवार, रात्री १०:१०

ह्याचं उत्तर तुम्हालाच ऐकायला सगळ्यात जास्त आवडेल, कारण ही तुमच्या धंद्यातली गोष्ट आहे.

सिलॅबस कुठल्याच घरातला नाही. जुन्या लॅटिनमध्ये असा शब्दच नव्हता. सिसेरो नावाचा रोमन वक्ता होता, त्यानं आपला मित्र अ‍ॅटिकस ह्याला लिहिलेली पत्रं आहेत. त्यातल्या एका पत्रात ग्रंथांच्या गुंडाळ्यांना बांधायच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख आहे, त्या गुंडाळीत काय आहे ते सांगणारी चामड्याची पट्टी. त्याला ग्रीकवरून आलेला शब्द होता सिटिबा, पत्रात त्याचं अनेकवचनी रूप सिटिबास. नकलून काढताना ते चुकलं आणि सुरुवातीच्या छापील प्रतींत तिथं 'सिलॅबोस' असं उतरलं. वाचणाऱ्यांना वाटलं असा शब्द आहे, त्यांनी त्याचं एकवचन बनवलं सिलॅबस, अर्थ धरला यादी, अनुक्रम. त्यातून अभ्यासक्रम.

म्हणजे तुमच्या भाषेत, न सापडलेली प्रुफाची चूक. मूळच नसल्यामुळे लॅटिनकडे बोट दाखवून त्याचं 'खरं' अनेकवचन सांगताच येत नाही. डिक्शनऱ्या सिलॅबसेस आणि सिलॅबाय दोन्ही देतात. पान चार राहू द्या.


जुळारी_अशोकस्तंभ | मंगळवार, रात्री १०:३३

मास्तर, हे मी तीनदा वाचलं.

लहानपणी मी वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसायचो, ते उलटे खिळे सरळ वाचल्यासारखे वाचायचे. एकदा ब आणि व च्या घरांत खिळे मिसळले होते, कोणीतरी टाइप परत घरात टाकताना चुकलं होतं, आणि एका अंकात सगळीकडे 'वाबा' छापून आलं. वडील रात्री जेवले नाहीत. आई म्हणाली एक अक्षर तर आहे, तर म्हणाले छापलेलं अक्षर लोक खरं मानतात. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आता तुम्ही सांगताय की असं एक चुकलेलं अक्षर आज जगभरातल्या शाळा-कॉलेजांत रोज बोललं जातंय.

म्हणूनच मला त्या पाचशे फोल्डरांचं एवढं लागलंय. पोरं ते फोल्डर घरी नेणार, कपाटावर ठेवणार, आणि त्यांना वाटणार की शाळेनं छापलंय म्हणजे असंच असतं. साधं 'एस' लावून काढलेलं चाललं असतं, लॅटिनचं खरं रूप वापरलं असतं तरी चाललं असतं. पण अंदाजानं बनवलेलं लॅटिन हे कोणाचंच नाही.


मोडी_भद्रकाली | बुधवार, सकाळी ७:४५

इथं मराठीची बाजू कमी पडतेय म्हणून लिहितो. मोडी कागद वाचायचा नाद आहे त्यामुळे फारसी-अरबी शब्द रोज भेटतात. मंडळी, अनेकवचन उचलून एकवचन करणं हे आपण इंग्रजीच्या कितीतरी आधी केलंय.

जुळारीभाऊ सोसायट्यांचे अहवाल छापतात. अहवाल हा अरबीत हाल ह्या शब्दाचं अनेकवचन आहे. एक हाल, अनेक अहवाल. आपण एक अहवाल म्हणतो, दोन अहवाल म्हणतो, कोणाला काही खटकत नाही. नवाब हे नायबचं अनेकवचन. उमराव आलं उमरा वरून, ते अमीरचं अनेकवचन. कवायत हे कवाइद वरून, आणि ते कायदाचं अनेकवचन! शाळेच्या मैदानावर पीटीचे सर जी कवायत घेतात ती म्हणजे मुळात 'कायदे'. मग आज कोणी आपल्याला सांगेल का की एकच नवाब असेल तर त्याला नायब म्हणा?

म्हणून मला वाटतं मास्तरांची जिवंत-मेलेल्याची रेघ आपल्याकडे पण पुरत नाही. कायदा पण जिवंत, कवायत पण जिवंत, फक्त दोघं वेगळ्या कामाला लागले.


माई_इंदिरानगर | बुधवार, सकाळी ८:१०

फार छान. आणि उलट बाजूनं बघा, इंग्रजी शब्द मराठीत आला की आपण त्याला लिंग देतो आणि मग आपलं व्याकरण लावतो. बँक स्त्रीलिंगी म्हणून बँका, फाईल-फायली, सायकल-सायकली. टेबल नपुंसक म्हणून टेबलं, पेन-पेनं. कप, शर्ट, चेक पुल्लिंगी म्हणून जसेच्या तसे. नोट-नोटा, आणि त्या नोटा तर आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापतात. हे कोणी शिकवलं नाही, भाजीवाल्या मावशींनाही बरोबर येतं. बसेस, मॅचेस असे थोडे शब्द इंग्रजी 'एस'सकट आले. आणि 'एक लेडीज उतरतायत, थांबवा' हे तर रोजचं, तिथं आपण इंग्रजीचं अनेकवचन एकवचन केलं, अगदी अहवालासारखं.

मला ह्यात भाषेची जिवंत ताकद दिसते. पाहुणा घरी राहायला आला की घरच्यासारखाच जेवतो.


शरीरशास्त्र_वाचतेय | बुधवार, दुपारी २:३०

माई, पूर्ण सहमत, फक्त एक सांगू? पाहुण्याचं नाव तरी नीट घ्यावं लागतं. व्हायरसचं उदाहरण. लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, चिकट घाण, हा पाण्यासारखा न मोजायचा शब्द, त्याचं अनेकवचन जुन्या लिखाणात मिळत नाही. कोणी 'व्हायराय' लिहिलं तर लॅटिन जाणणाऱ्याला ते 'पुरुष' ह्या अर्थाच्या शब्दाच्या अनेकवचनासारखं दिसेल. इंग्रजीत व्हायरसेस, मराठीत विषाणू, विषय संपला. तसंच ऑक्टोपस, तो तर ग्रीक, आठ पायांचा, ग्रीकमध्ये ऑक्टोपोडीज. ऑक्टोपाय डिक्शनरीत सापडतं, कारण लोक वापरतात, पण ते ग्रीकवर लॅटिन शेपूट लावून केलेलं आहे. ऑक्टोपसेस म्हणा, निवांत राहा.

आणि इग्नोरेमस. तो तर नामच नाही, लॅटिन क्रियापद आहे, 'आम्हाला माहीत नाही'. त्याचं 'इग्नोरेमाय' करणं म्हणजे 'जातो'चं अनेकवचन 'जाते' (दळायचं) करण्यासारखं.


जुळारी_अशोकस्तंभ | बुधवार, संध्याकाळी ७:४०

सांगायला आलोय. भेटलो मॅडमना. सोबत डिक्शनरीच्या पानाचा प्रिंट नेला होता पण तो काढायच्या आधी मी त्यांना विचारलं, मॅडम, आंब्याचं आंबे, मग शाळेचं काय? त्या म्हणाल्या शाळा. मग मी म्हटलं हा शब्द पण शाळेसारखाच आहे, आणि देवः-भानुः-मनः सांगितलं. त्या दहावीला संस्कृत घेतलेल्या निघाल्या. दोन मिनिटं प्रूफ हातात धरून बसल्या, स्वतःच पेन घेतलं, प्रॉस्पेक्टाय खोडलं आणि वर परत सेस लिहिलं. मग म्हणाल्या, वाटलेले फोल्डर किती, मी म्हटलं तुम्हालाच माहीत, तर क्लार्कनं मोजून सांगितलं की १८० गेलेत, ३२० कपाटात आहेत.

त्या ३२० साठी मथळ्याच्या पट्टीची स्टिकरं करून देतोय, त्याचे पैसे घेणार नाही, ते माझ्याकडचं. हजारची प्लेट उद्या सकाळी नवीन काढतो. पान चारवरचं सिलॅबाय तसंच राहतंय, मास्तरांची गोष्ट सांगितली तेव्हा मॅडम म्हणाल्या ती लिहून द्या मला, मुलांना सांगते.


मास्तर_पंचवटी | बुधवार, रात्री ८:०५

लिहून देऊ नका, मीच येऊन सांगतो. कधी येऊ ते विचारून ठेवा.


द्राक्षबाग_पिंपळगाव | बुधवार, रात्री ८:२२

भाऊ, आमच्या गटाचं एक फवारणीचं वेळापत्रक छापायचंय मराठीत, चारशे प्रती. त्यात बॅक्टेरिया लिहू की जिवाणू? आणि 'बॅक्टेरियांमुळे' असं चालेल का?


जुळारी_अशोकस्तंभ | बुधवार, रात्री ८:३०

जिवाणू लिहा दादा, जिवाणूंमुळे. मजकूर पाठवा, प्रूफ मी स्वतः वाचतो.